ती दोन कपाटं उघडा: पेठेतल्या एका वाचनालयाच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

देवघेवीच्या टेबलाशेजारच्या फळ्यावर आपण लावलेली सूचना वाचली. शनिवारच्या वाचनकट्ट्यावर यापुढे वादग्रस्त व्यक्ती, खटले आणि सामाजिक संघर्ष हे विषय घेता येणार नाहीत. त्या विषयांवरची संदर्भ विभागातली पुस्तकं दोन कपाटांत कुलूप लावून ठेवली आहेत आणि ती कार्यवाहांच्या लेखी परवानगीनेच पाहायला मिळतील. जुन्या पुस्तिकांचे आणि नियतकालिकांचे जीर्ण गठ्ठे येत्या वार्षिक सभेनंतर बाद करून रद्दीत जातील. कारण म्हणून एकच ओळ आहे: संस्थेतलं वातावरण शांत राहावं.

हा निर्णय मला मान्य नाही. मी या वाचनालयाची वर्गणीदार सभासद आहे आणि शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. वाचनालयाचं नाव इथे मुद्दामच लिहिलेलं नाही. मला संस्थेची बदनामी करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे. पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे ते अशासाठी, की आज आपल्या फळ्यावर लागलेली सूचना उद्या दुसऱ्या वाचनालयाच्या फळ्यावर लागायला वेळ लागत नाही.

निमित्त काय झालं ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. कट्ट्यावर आम्ही रखमाबाईंचा खटला वाचत होतो. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या माहेरीच राहिल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात वाढल्या, शिकल्या, आणि जाणत्या झाल्यावर सासरी जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली त्यांनी नांदायला यावं म्हणून नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला. जिने त्या माणसाशी कधी संसार केलाच नाही, तिला मनाविरुद्ध त्याच्या हवाली करणं हे त्यांना क्रूरपणाचं वाटलं. अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दादाजींना २,००० रुपये देऊन तडजोड झाली. पुढच्या वर्षी रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि नंतर सुरत व राजकोटला त्यांनी कितीतरी वर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले.

त्या काळात 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं. आम्ही ते लेखही वाचायला घेतले, आणि एका सभासदांनी आपल्याकडे तक्रार केली की कट्ट्यावर लोकमान्यांचा अवमान होतो आहे. लोकमान्यांवर दुसऱ्या कुणी केलेली टीका आम्ही वाचत नव्हतो. 'केसरी'ने स्वतः मांडलेली बाजू, 'केसरी'च्याच शब्दांत वाचत होतो. त्यात अवमान कुठे झाला हे तक्रारदारांनी सांगितलेलं नाही, आणि आपणही त्यांना विचारलेलं दिसत नाही.

माझं या सगळ्यात काय अडलं आहे, तेही सांगते. माझ्यासाठी हा खटला १८८७ सालात संपलेला नाही. जोडीदाराने नांदायला यावं असा हुकूम कोर्टाकडून मागता येणारं हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ आजही आहे. बायकोने पोटगीचा अर्ज टाकला की नवऱ्याच्या बाजूने नांदायला बोलावण्याचा अर्ज येतो, हे आमच्या कोर्टात इतकं सवयीचं झालं आहे की वकीलही त्याकडे डावपेच म्हणूनच पाहतात. हुकूम झाला आणि बाई गेली नाही तर आता तुरुंग नाही, पण तिच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर हुकूम पाळला गेला नाही की तोच घटस्फोटाचा आधार होतो. अशा अर्जाची नोटीस हातात घेऊन समोर बसलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर काय असतं ते मी रोज पाहते. अशाच एका मुलीला मी कट्ट्यावर घेऊन आले होते. रखमाबाईंची हकीगत ऐकून ती म्हणाली, "मला वाटत होतं, नांदायला जाणार नाही म्हणणारी मीच पहिली." तिच्या केसमध्ये मी काय युक्तिवाद करावा हे कट्ट्याने मला शिकवलं नाही. पण तिची मान त्या दिवशी वर झाली, आणि ते काम माझ्या वकालतनाम्याने झालं नसतं.

आणखी एक गोष्ट, जी मला कायद्याच्या पदवीने नव्हे, या कट्ट्यावरच्या वाचनाने नीट कळली. नवऱ्याकडे परत पाठवण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातून आलेला नाही. तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून इथे आला. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये हेच बोट ठेवून दाखवलं होतं. म्हणजे आपला धर्म आणि आपल्या रूढी वाचवायच्या म्हणून पुण्या-मुंबईचे लोक ज्या हुकुमाच्या बाजूने उभे राहिले, तो हुकूमच परका होता. इंग्लंडने १९७० मध्ये हा दावा रद्द केला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध धरलं. २०१९ मध्ये त्याला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला आणि रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या. ज्या हुकुमाविरुद्ध तुरुंगात जायला त्या तयार होत्या, तोच स्वतंत्र भारताच्या कायद्यात कलम होऊन त्यांच्या हयातीतच आला. हे सगळं जोडून वाचण्यासाठी इतिहास, कायदा आणि साहित्य एकाच टेबलावर लागतं. आपल्या वाचनालयात ते टेबल होतं.

आता माझे आक्षेप.

पहिला आक्षेप 'वादग्रस्त' या कसोटीलाच आहे. आपल्या वाचन दालनाच्या भिंतीवर ज्यांच्या तसबिरी आहेत, त्यांच्यापैकी या कसोटीवर कोण टिकेल? जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांना आणि सावित्रीबाईंना वडिलांचं घर सोडावं लागलं. गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा याच शहराच्या रस्त्यांवरून निघाली. धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं, तेव्हा मुरूडला गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ते १८९३ चे कर्वे आणि १९५८ चे भारतरत्न कर्वे ही दोन माणसं नाहीत. दुसऱ्याची तसबीर लावायची आणि पहिल्याचं चरित्र कपाटात ठेवायचं, असं करून आपण नेमका कुणाचा मान राखतो?

आणि लोकमान्य? खटले नकोत म्हटलं तर त्यांच्याबद्दल काय उरतं? १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर अब्रुनुकसानीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, समाजसुधारणेच्या प्रश्नावर आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी बॅरिस्टर दावर उभे राहिले होते. १९०८ मध्ये तेच दावर न्यायमूर्तींच्या खुर्चीत होते आणि सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या कौलानंतर त्यांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. रखमाबाईंच्या प्रकरणात टिळक बहुसंख्य समाजाच्या बाजूने होते, १९०८ मध्ये ते साम्राज्याच्या कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडत दिवसचे दिवस एकटे उभे होते. एकच माणूस एका वेळी गर्दीसोबत आणि दुसऱ्या वेळी एकटा कसा असतो, हे समजून घेणं हा त्यांचा अवमान नाही. मला तर हे वाचल्यावर टिळक अधिक जवळचे वाटू लागले.

पंचहौदाचा चहा हे तर आपल्याच पेठांमधलं प्रकरण. १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या शाळेत व्याख्यान झालं, नंतर चहा-बिस्किटं आली, आणि कोण कोण हजर होतं त्यांची नावं गोपाळराव जोशी यांनी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. रानडे आणि टिळक, दोघेही त्या यादीत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, आणि आपापल्या परीने दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांनी ते का घेतलं, स्वतःला दोष वाटत नसताना मित्रांच्या अडचणीसाठी मान कशी तुकवली, आणि त्यामुळे घरात काय कालवाकालव झाली, हे रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होऊ घातलेल्या माणसालाही समाजापुढे असं वाकावं लागलं. न वाकणारे थोडे असतात म्हणून त्यांच्याबद्दल वाचायचं, आणि वाकणारेही आपलेच असतात म्हणून त्यांच्याबद्दलही वाचायचं. आपल्या सूचनेमुळे दोन्ही बंद झालं.

दुसरा आक्षेप: या निर्णयाने फक्त बंडखोरांचा आवाज बंद झाला असं आपल्याला वाटत असेल, तर तसं नाही. दुसरी बाजूही त्याच कुलपात गेली आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचंच घ्या. कलकत्त्याला फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली, त्यानंतर संमतीचं वय दहावरून बारा करण्यात आलं. टिळकांचा या कायद्याला विरोध होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की परक्या सरकारने आपल्या घरात कायद्याने शिरू नये, सुधारणा समाजाने आतून करावी. मला हे मत पटत नाही. ज्या मुलीचा जीव जातो आहे तिने समाज आतून सुधारेपर्यंत थांबायचं, हे मी कधीच मान्य करणार नाही. पण तो मुद्दा पोकळ नाही. कायदा कुणी करायचा, कुणाच्या घरात शिरायचं, कुणी परवानगी दिली, हे प्रश्न आजही प्रत्येक वैयक्तिक कायद्याच्या चर्चेत जसेच्या तसे येतात. ज्याने टिळकांचा युक्तिवाद वाचलेला नाही, त्याला आगरकर किती अवघड काम करत होते हेही कळणार नाही.

कट्ट्यावर आम्ही सोफोक्लिसची अँटिगनी वाचली तेव्हा हेच झालं. राजा क्रेऑनचा हुकूम मोडून बहीण भावाच्या प्रेतावर माती टाकते आणि मरण ओढवून घेते. सगळे तिच्या बाजूने असणार हे मी गृहीत धरून आले होते. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सभासद क्रेऑनच्या बाजूने उभे राहिले. भावाभावांची लढाई होऊन शहर नुकतंच वाचलेलं आहे, शत्रूचं सैन्य घेऊन आपल्याच गावावर चालून आलेल्याला सन्मानाने पुरलं तर उद्या कायद्याला कोण विचारेल, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना उत्तर दिलं ते एका अकरावीतल्या मुलाने, आणि तेही अँटिगनीच्या तोंडून नाही, क्रेऑनच्या मुलाच्या, हायमनच्या तोंडून: शहर एकट्या राजाचं नसतं, लोक दबक्या आवाजात काय बोलतात तेही ऐका. त्या संध्याकाळी कुणी कुणाचा अपमान केला नाही. कुणाचं मत बदललं की नाही मला माहीत नाही, पण दोघंही एकमेकांचं पूर्ण ऐकून घेऊन गेले. वातावरण शांत राहावं असं आपल्याला वाटतं, तर ती संध्याकाळ शांत होती.

तिसरा आक्षेप लेखी परवानगीला आहे, आणि यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. कपाटातलं पुस्तक हवं असेल तर कार्यवाहांच्या नावे अर्ज, अर्जात नाव, पत्ता आणि कारण. आपल्याला ही साधी नोंद वाटत असेल. ज्या मुलीच्या घरी जातपंचायतीचा धाक आहे, तिच्यासाठी ती साधी नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. कायदा झाला म्हणून भीती संपली नाही. २०१८ मध्ये इथून जवळ, पिंपरीत, कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध बोलणाऱ्या तरुणांना लग्नसमारंभात मारहाण झाली. अशा घरातली मुलगी आपल्या वाचनालयात येते, कोपऱ्यातल्या टेबलावर बसते आणि बहिष्काराचा कायदा वाचते. ती कुणाला काही सांगत नाही. तिने कार्यवाहांना लेखी कारण द्यायचं? त्या अर्जाचा कागद कुणाकुणाच्या हातातून जाईल, याची हमी आपण देऊ शकाल का?

कुलपात गेलेल्या कागदांत महाडच्या चवदार तळ्याचा खटलाही आहे. १९२७ च्या सत्याग्रहानंतर महाडच्या काही सवर्णांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला, की तळं सार्वजनिक नाही आणि अस्पृश्यांना तिथे पाणी न घेऊ देण्याची रूढी फार जुनी आहे. दहा वर्षं खटला चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की ही अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. न्यायाधीशांमध्ये ब्रूमफील्ड होते, १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच. महाडच्या तळ्याची आणि आपल्या कपाटाची मी तुलना करत नाही. तो अन्याय वेगळ्याच पातळीचा होता. पण हा निकाल वाचायला एका कायद्याच्या विद्यार्थिनीला परवानगी मागावी लागते, हे मला सहन होत नाही. आपलं वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यताप्राप्त आहे आणि दरवर्षी शासनाचं परिरक्षण अनुदान घेतं. तो पैसा त्या विद्यार्थिनीच्या आईवडिलांचाही आहे.

चौथा आक्षेप जीर्ण गठ्ठ्यांबद्दल. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचं. तिने लोकलाजेपायी नवजात मुलाला मारलं, तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रं तिला आणि तिच्यानिमित्ताने सगळ्या बायकांना बोल लावत होती. बुलढाण्याच्या ताराबाईंनी उत्तर लिहिलं. त्यावर इतकी टीका झाली की जोतीरावांना त्यांच्या बाजूने लिहावं लागलं. ताराबाईंनी त्यानंतर काही छापल्याचं आढळत नाही. पुस्तक विस्मरणात गेलं, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा संपादित करून काढलं. मधली त्र्याण्णव वर्षं एखादी तरी प्रत कुणीतरी रद्दीत न टाकता ठेवली होती, म्हणून आज ते एम.ए.च्या अभ्यासक्रमात आहे. आपल्या गठ्ठ्यांत काय आहे हे आपण अजून पाहिलेलंही नाही. त्यांची सूचीच झालेली नाही.

याच शहरात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर घालवला. १,२०० हून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली. जो मजकूर मुख्य पाठात बसला नाही, तो त्यांनी फेकला नाही; तळटिपांत आणि परिशिष्टांत जपला. सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा आपल्या सगळ्यांना पाठ असलेला प्रसंग मुख्य संहितेत नाही, पण पानाच्या तळाशी तो वाचायला मिळतो. संपादकांना मान्य नसलेलं सगळं वाचकासमोर ठेवायचं आणि निवड त्याच्यावर सोडायची, हा पुण्याने घालून दिलेला पायंडा आहे. आपण त्याच शहरातली संस्था आहात.

पाचवा आक्षेप कार्यपद्धतीचा, तो थोडक्यात मांडते. तक्रारीची प्रत कट्ट्याच्या संयोजकांना दिली नाही. त्यांना बोलावलं नाही. बैठकीचं इतिवृत्त मागितलं तर ते तयार नाही असं सांगण्यात आलं. एका बाजूचं ऐकून दिलेला निकाल आमच्या कोर्टात पहिल्या तारखेलाच उडतो.

याच ठिकाणी विश्वस्तांपैकी काही जणांशी मला वेगळं बोलायचं आहे. आपल्यातल्या सगळ्यांना हा निर्णय पटलेला नाही, हे मला ठाऊक आहे. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, की स्वतःला आधीच हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का. भीष्मांनी धर्म सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळलं. बाकीचे राजे गप्प बसले. उत्तर दिलं ते विकर्णाने, धृतराष्ट्राच्याच एका मुलाने. त्याने मुद्दे मांडले: द्यूत हे राजांचं व्यसन आहे, द्रौपदी पाचही जणांची पत्नी आहे, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला होता, आणि शकुनीच्या सांगण्यावरून तिचा पण लावला गेला, म्हणून ती जिंकली गेलेली नाही. कर्णाने त्याला पोर म्हणून गप्प केलं. पुढे युद्धात भीमाने त्यालाही मारलं, पण त्याच्यासाठी शोक करूनच. विकर्णाने बाजू बदलली नाही, घर सोडलं नाही. तो आपल्याच सभेत, आपल्याच जागेवरून बोलला. आपणही तेवढंच करावं. पुढच्या बैठकीत आपलं वेगळं मत इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आपली अडचण मला समजते. कार्यवाह बिनपगारी काम करतात. ग्रंथपाल ताईंना तक्रारीनंतर रात्री-अपरात्री फोन आले, त्यांच्या घरी लहान मूल आहे. दगड आला तर काच संस्थेची फुटणार. ही भीती खरी आहे आणि ती एकट्या विश्वस्तांनी वाहावी असं मी म्हणत नाही. पण भीतीपोटी संस्थेने पाऊल मागे घेतलं की काय होतं, हेही आपण याच शहरात पाहिलं आहे. 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये भरत नाट्य मंदिरात उभं राहिलं आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेच्याच पदाधिकाऱ्यांनी थांबवलं. कलावंत बाहेर पडले, त्यांनी नवी संस्था काढली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा सुरू झालं. नाटक थांबलं नाही, जुन्या संस्थेने आपली उमेदीची माणसं गमावली. आपल्या वाचनालयाचं असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण या पेठेत संध्याकाळी मुलामुलींनी बसावं अशी दुसरी फुकट जागा नाही.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते. सूचना फळ्यावरून काढावी आणि ती दोन्ही कपाटं पूर्वीसारखी संदर्भ विभागात उघडी ठेवावीत. कुठल्याही पुस्तकासाठी वाचकाकडून कारण विचारू नये, आणि आतापर्यंत आलेले परवानगीचे अर्ज ज्याचे त्याला परत करावेत. जुन्या गठ्ठ्यांतला एकही कागद सूची झाल्याशिवाय बाद करू नये. सूचीचं काम आम्ही काही सभासद सुट्टीच्या दिवशी बसून करू, खर्च मागणार नाही. ज्या पुस्तिका दुसरीकडे मिळत नाहीत त्यांच्या प्रती काढून घेऊ. कट्ट्याबद्दल तक्रार आली तर ती लेखी घ्यावी, संयोजकांना द्यावी आणि दोघांना समोरासमोर बसवून ऐकावी. तक्रारदार सभासदांना हवा तो विषय, हव्या त्या बाजूने मांडायला कट्ट्याची एक पूर्ण संध्याकाळ द्यावी. त्यांना ऐकायला मी स्वतः येईन. ग्रंथपाल ताईंना धमकीचे फोन आले असतील तर त्याची पोलिसांत तक्रार संस्थेच्या नावाने करावी. त्यांना एकटीला चौकीत पाठवू नये. अर्ज मी लिहून देते.

हा विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, अशी मागणी सभासदांच्या सह्यांनिशी कार्यालयात वेगळी देत आहे. तोवर कट्टा बंद राहणार नाही. येत्या शनिवारी मृच्छकटिकाचा नववा अंक घ्यायचा ठरलेलं आहे: चारुदत्तावरचा खुनाचा खटला, ज्यात न्यायाधीश मनूचा आधार देऊन हद्दपारी सुचवतात आणि राजा पालक सुळाची आज्ञा देतो. वाचन दालन मिळालं तर तिथे, नाही तर समोरच्या शाळेच्या पायऱ्यांवर, नेहमीच्या वेळेला बसू. आपण सर्वांनी यावं. तक्रारदार सभासदांनाही मी स्वतः जाऊन निमंत्रण दिलं आहे.

कळावे,

आपली,
वाचनालयाची एक वर्गणीदार सभासद
पुणे